गाण्याला चेहरा लावताना

या, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे यावे, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगितलेली तिला आवडत नाही. दार उघडे आहे ते तसेच राहू द्या. का, ते शेवटी कळेल. हसू आले तर हसा, अंगावर काटा आला तर अंगावरचे पांघरूण नीट ओढून घ्या, आणि दोन्ही एकदम झाले तर गोष्ट नीट पोचली असे समजा. देवाचे नाव घेतो आणि सुरू करतो.

एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर लिफ्टसाहेब राहत. हे त्यांचे नाव नव्हे, नोकरी. सरकारी खात्यात ते लिफ्ट तपासनीस होते. गावभरच्या इमारतींत जायचे, लिफ्टमध्ये उभे राहायचे, वर जायचे, खाली यायचे, दोर बघायचे, मोटरीला कान लावायचा आणि ‘सुरक्षित’ असा शिक्का मारायचा. अशा माणसाच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट मात्र बारा महिने आजारी. जिना चढताना धापा टाकणारे शेजारी त्यांच्या दारापाशी मुद्दाम थांबून धापा टाकत. साहेब आतून ऐकत आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरत.

त्यांच्या पत्नीला सगळी इमारत काकू म्हणे. काकूंना जाऊन वर्ष होत आले होते. बाईंचा गळा असा, की आठवड्याच्या भजनाला त्या गायला बसल्या म्हणजे खालच्या रस्त्यावरून जाणारा माणूस सायकलवरून उतरून चालू लागे. कुठे कीर्तन असले की या पहिल्या रांगेत. घरी आल्यावर नवरा जेवत असताना त्याला अख्खे कीर्तन पुन्हा ऐकवायच्या, बुवांच्या खोकल्यासकट. पण गाताना फोटो काढू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, “गाताना तोंड कसं होतं ते देवाने बघावं. त्याला सवय आहे.”

भजनात साहेब झांज वाजवत. वाजवत म्हणजे काय, पळवत. ताल त्यांच्या हातात आला की सुटलेल्या वासरासारखा पुढे धावे. म्हणून काकूंनी त्यांना आपल्या पाठीमागे बसवले आणि गाता गाता डावा हात पाठीशी नेऊन त्या खुणा करायच्या. मूठ मिटली की हळू. पंजा उघडा धरला की थांबा, आणि पाण्याचा पेला द्या. संसारभर हे असेच चालले. त्यामुळे झाले काय, की काकूंचा गातानाचा चेहरा सगळ्या इमारतीने पाहिला होता, जिन्यावर दोन मिनिटे टेकलेल्या पोस्टमननेही पाहिला होता. एकट्या नवऱ्याने पाहिला नव्हता. त्याला माहीत होती ती वेणी, ती निळी शाल आणि तो हात. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात काकू गेल्यावर आली, आणि एकदा आली ती जाईना.

त्यांच्या गाण्याची एकच फीत उरली होती, तीही चुकून झालेली. लिफ्ट चौथ्या मजल्याशी आली की गुरगुरायची. तो आवाज कचेरीतल्या मेकॅनिकला ऐकवावा म्हणून साहेब जिन्यात उभे राहून फोनवर टिपत होते. घराचे दार उघडे होते आणि आत काकू एकट्याच गात बसल्या होत्या. लिफ्टची गुरगुर खाली आणि काकूंचा आवाज वर, असे ते सबंध गाणे टिपले गेले. गाणे काकूंनी स्वतःच बांधलेले होते.

पुढे तुझी वाट देवा, मागे माझे घर,
दोहींच्या मी मध्ये उभी, हात माझा धर.

शेवटच्या ओळीआधी त्या फितीत एक लांब पोकळी होती. नुसती गुरगुर. लिफ्टच्या आवाजामुळे फोन बिघडला असेल, असे साहेब धरून चालले होते.

तर वर्षश्राद्धाच्या दिवशी तळमजल्याच्या बैठकीच्या खोलीत ही फीत लावायची, एवढाच बेत होता. एवढ्यावर राहते तर मी तुम्हाला जवळ बोलावले नसते. पण इमारतीने नुकताच एक मोठा टीव्हीचा पडदा घेतला होता आणि इमारतीचे चिटणीस त्याला लेकीच्या सासरकडून आलेल्या पाहुण्यासारखे जपत होते. त्यांनी विचारले, आवाज ठीक आहे, पण माणसांनी बघायचं कुठे? पडद्याकडे बघितले तर पडदा कोरा, एकमेकांकडे बघितले तर अवघडल्यासारखे. त्यापेक्षा हल्ली तरुण मंडळी करतात तसा गाण्याचा व्हिडिओच का करू नये? दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना कल्पना पसंत पडली. मागे डोंगर हवा, त्या म्हणाल्या, आणि डोंगर नसेल तर निदान धूर. चिटणिसांच्या मते मागे दहाबारा माणसे एका रांगेत हलली पाहिजेत, त्याशिवाय व्हिडिओ वाटत नाही. कोण हलणार, असे विचारल्यावर त्यांनी स्वतःकडे बोट केले.

साहेबांची पुतणी त्या वेळी सुट्टीला आली होती. ती कॉलेजात माध्यमे शिकवते, म्हणजे इतर लोक जे नुसते बघतात ते कसे बघायचे हे पोरांना सांगते. गाण्यांच्या व्हिडिओंवर तिने पाच वर्षे अभ्यास केला होता. घरात अशी व्यक्ती असताना तिला विचारायचे नाही म्हणजे घरात डॉक्टर असून औषध वाण्याकडून आणण्यासारखे. साहेबांनी विचारले. ती पुष्कळ बोलली. गाणाऱ्या माणसाने सरळ कॅमेऱ्यात बघायचे, म्हणजे ज्याला त्याला वाटते की आपल्या एकट्याकडेच बघते आहे. बंद खोलीत वारा येतो तो फक्त गाणारीसाठी, आणि तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. रिकामी खुर्ची असते. आपोआप उघडणारे दार असते. आणि सगळ्यांत गमतीची गोष्ट ही, की त्या जगाला स्वतःचा आवाज नसतो. दार आपटते पण वाजत नाही, माणूस चालतो पण पाऊल ऐकू येत नाही. सगळे मुके आणि एक गाणे तेवढे ऐकू येते.

साहेबांनी विचारले, असे जग जिवंत माणसांचे कसे म्हणायचे? पुतणी हसली. मग हसू आवरून म्हणाली, “काका, एक सांगते ते ऐका. व्हिडिओ करणं म्हणजे गाण्याला चेहरा लावणं. तो एकदा लागला की निघत नाही. मग नुसतं गाणं ऐकलं तरी तोच दिसतो.”

“बरंच आहे की मग,” साहेब म्हणाले. “मला आत्ता काहीच दिसत नाही.”

पुतणीने चहा ठेवला.

चेहरा कुणाचा, हा प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीबाईंनी सोडवला. बाई मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत. अंगकाठी काकूंचीच, आणि गाणे पाठ. काकूंची निळी शाल पांघरून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या तेव्हा आजींनी तोंडाला हात लावला. बाईंनी सात दिवस भाजी चिरताना, वह्या तपासताना, ओठ हलवण्याचा सराव केला. मुलांना वाटले बाई मनातल्या मनात शिव्या देतात.

चित्रीकरणाचे काम तळमजल्यावरच्या फोटोवाल्याकडे गेले. गृहस्थ पासपोर्टचे फोटो आणि लग्ने करणारा, पण उत्साह असा की वधूला हुंदका आला तरी दिवा बदलून पुन्हा द्यायला लावी. जागा ठरली ती गच्चीवरची खोली, लिफ्टच्या यंत्राच्या शेजारची, कारण यंत्र थंड ठेवणारा मोठा पंखा तिथे आयता होता. चिटणिसांनी अडवले. यंत्राशेजारी माणसे जमवायची तर लिफ्ट सुरक्षित असल्याचा तपासनिसाचा दाखला हवा. तपासनीस तर समोरच उभे होते. पण स्वतः राहत असलेल्या इमारतीचा दाखला तपासनिसाला देता येत नाही, असा नियम, आणि तो नियम साहेबांनीच पूर्वी एका मोठ्या बिल्डरला खडसावून सांगितला होता. शेवटी साहेबांनी कचेरीत अर्ज केला. तो त्यांच्याच टेबलावर आला आणि तो नाकारण्याचे कर्तव्य त्यांनी मान खाली घालून पार पाडले. मग तोडगा निघाला की लिफ्ट कुलूप लावून बंद ठेवायची, किल्ली साहेबांच्या खिशात, आणि बंद लिफ्टला दाखला लागत नाही. ही किल्ली लक्षात ठेवा.

दुपारी सगळे गच्चीवर जमले. फोटोवाल्याने पांढरा पडदा लावला, एक रिकामी खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली, म्हणजे तिची पाठ आपल्याकडे, आणि पंखा सुरू केला. मग आपली युक्ती सांगितली. गाणे दुप्पट वेगाने लावायचे. बाईंनी तितक्याच घाईने ओठ हलवायचे. कॅमेरा दुप्पट चित्रे घेणार. नंतर ती निम्म्या वेगाने चालवली की ओठ गाण्याशी जुळतात, आणि केस, शाल, वारा, सगळे पाण्याखाली असल्यासारखे संथ दिसते. मोठमोठ्यांचे व्हिडिओ असेच होतात, असे त्याने पुतणीकडे बघून म्हटले, आणि तिने मान डोलावली.

गाणे लागले. काकूंचा आवाज बारीक, घाईघाईचा, चिमणीसारखा झाला. चिटणीस खुसकन हसले. साहेबांना हसू आले नाही. गॅसवर दूध ठेवून आली असली की ती अशीच बोलायची. कुठेतरी जायची घाई झाल्यासारखी. साहेब मनात म्हणाले, अगं थांब, एवढी कशाला पळतेस? शिकवणीबाई भराभरा ओठ हलवत होत्या, शाल उडत होती, आणि मग गाणे संपले. बाईंची मुले खाली खोळंबली होती, त्यांनी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि त्या जिन्याने निघून गेल्या.

फोटोवाल्याने गाणे वाजवणारे यंत्र बंद केले. पण आवाज थांबला नाही. लिफ्टच्या विहिरीतून, खोलवरून, तो बारीक आवाज वर येत होता. एक ओळ, आणि मग पुन्हा तीच, आता जरा संथ. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खालून ओरडून विचारू लागल्या की भजन सुरू झालं का, आणि मला का नाही सांगितलं. साहेबांनी सगळ्यांना समजावले की विहिरीत आवाज घुमतो, भिंतींवर आपटून मागून येतो, हे शास्त्र आहे. एवढ्यात आतून गुरगुर ऐकू आली. कुलूप लावलेली लिफ्ट वर येत होती. ती गच्चीच्या मजल्याला लागली, तिचे दार उघडले, आत कुणी नव्हते, दार जरा वेळ तसेच राहिले आणि मिटले. साहेबांनी खिशात हात घातला. किल्ली खिशात होती, आणि गार लागत होती.

“वीज खाली-वर झाली असेल,” साहेब म्हणाले. घाबरलेल्या लोकांना त्यांनी हे वाक्य आजवर असंख्य वेळा ऐकवले होते. ऐकणाऱ्याला ते कसे लागते हे त्यांना त्या दुपारी कळले. सगळे लिफ्टकडे धावले, तिच्याभोवती उभे राहून सल्ले देऊ लागले, आणि मागे त्या खोलीत पंखा चालू, खुर्ची जागच्या जागी, आणि कॅमेरा बंद करायचे कुणाच्याच ध्यानात नाही. इथपर्यंत पूर्वरंग. आता जरा शांत बसा.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोटोवाल्याने साहेबांसमोर चित्र गाण्याखाली लावले तेव्हा त्याच्या घशातून विचित्र आवाज निघाला. कॅमेरा दुप्पट चित्रांवर लावायचाच राहिला होता. गाणे पळवले, बाई पळाल्या, कॅमेरा आपल्या साध्या चालीने चालला. पडद्यावर काकूंचा संथ, भरलेला आवाज, आणि त्यावर शिकवणीबाईंचे ओठ असे चाललेले की जणू गाडी सुटायच्या आत कणीस संपवायचे आहे. निळी शाल काकूंची, आवाज काकूंचा आणि मध्ये ते तोंड. बाई सरळ साहेबांकडे बघत होत्या, त्यांच्या एकट्याकडे. साहेबांनी निम्म्यातच थांबवायला सांगितले.

झाले ते वाईटच झाले. संध्याकाळी त्यांनी घरी नेहमीप्रमाणे फीत लावली. डोळे मिटले. पहिल्या शब्दाबरोबर ते चावणारे तोंड आले. पुन्हा लावली, पुन्हा तेच. इतके दिवस डोळ्यांपुढे काहीच येत नसे, त्या काहीच नसण्यातही एक जागा होती, आणि ती जागा आता भरली होती. पुतणी शेजारी येऊन बसली. साहेब तिला एवढेच म्हणाले, “तू सांगितलं होतंस.” भांडण नव्हते त्यात. तिला ते भांडणापेक्षा लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोघे दुकानात गेले ते सगळे पुसून टाका म्हणून सांगायला. शिकवणीबाई तिथे आधीच उभ्या, कारण बातमी त्यांच्यापर्यंत जिन्यानेच पोचली होती. “सात दिवस आरशापुढे घालवले मी, भाऊ,” त्या म्हणाल्या, “आणि तुमच्या फोटोवाल्याने मला हरभरे खाणारा घोडा केलं.” साहेबांनी त्यांची क्षमा मागितली. फोटोवाला ओशाळून म्हणाला, पुसतो साहेब, पण उरलेलं निम्मं मीही पाहिलेलं नाही, एकदा बघून तरी घ्या.

त्याने ते लावले. बाईंचे ओठ थांबले, कारण त्यांचे गाणे संपले होते. काकूंचे मात्र निम्मे बाकी होते. पडद्यावर बाईंनी शाल खुर्चीवर टाकली, त्या बाहेर गेल्या, कुणीतरी धावल्याच्या सावल्या मागच्या पांढऱ्या पडद्यावरून गेल्या. पाऊल वाजले नाही. राहिली पाठमोरी खुर्ची आणि तिच्यावरची शाल. वारा खालून शिरला तशी शाल फुगली, तिला खांदे आले. ती जराशी डोलू लागली. पुतणी हलक्या आवाजात सांगू लागली की यात काही नाही काका, आवाज आणि चित्र शेजारी ठेवलं की मन आपणहून टाका घालतं, वाऱ्याची चाल आणि गाण्याची चाल जुळली असं आपल्यालाच...

मग ती पोकळी आली. नुसती गुरगुर. आणि शालीच्या डाव्या काठाखालून एक हात मागे आला. पंजा उघडा.

शिकवणीबाईंनी भिंतीला हात टेकला. त्यांचे दोन्ही हात, लक्षात घ्या, त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर फळ्यावर भागाकार लिहीत होते. पडद्यावरचा पंजा तसाच उघडा राहिला, वाट बघत राहिला, पुष्कळ वेळ. मग हळूच मिटला आणि आत गेला. गाण्याची शेवटची ओळ सुरू झाली.

“पुन्हा लावू?” फोटोवाल्याने विचारले.

“नको,” पुतणी म्हणाली. कुठलेही चित्र तीनदा बघितल्याशिवाय त्यावर बोलू नये, असे पोरांना सांगणारी बाई ती.

साहेब मात्र चित्राचा विचार करत नव्हते. ते त्या पोकळीचा करत होते. फोन बिघडला नव्हता. काकू एकट्या गात बसल्या होत्या, घसा कोरडा पडला, सवयीने हात मागे गेला, आणि मागे कुणी नव्हते, कारण मागचा माणूस जिन्यात उभा राहून लिफ्टचा आवाज टिपत होता. एवढा वेळ त्यांनी हात तसाच धरला होता. त्याची लांबी फितीत होती, वर्षभर ते ती ऐकत होते आणि तिला बिघाड म्हणत होते.

ते म्हणाले, पहिलं निम्मं काढून टाका, तिथे अंधार ठेवा. दुसरं राहू द्या. फोटोवाल्याने विरोध केला, की तोंड नसलेला व्हिडिओ कुणी बघत नाही. शिकवणीबाईच म्हणाल्या, “ठेवा हो. माझं तोंड गेलं तर जाऊ द्या, घरी दुसरं काम आहे त्याला.”

वर्षश्राद्धाच्या दिवशी बैठकीची खोली भरली होती. चिटणीस पुढच्या रांगेत. साहेब सगळ्यांच्या मागे, नेहमीच्या जागी, आणि शेजारी पाण्याचा पेला. आवाज लागला, पडदा काळाच राहिला. चिटणिसांना वाटले पडदा गेला. ते फ्यूज बघायला उठले, त्यांना आजींनी कोट धरून खाली बसवले. अंधारात नुसता आवाज ऐकताना, काही जणांचे म्हणणे, काकूंचा चेहरा स्पष्ट आठवला. मग खुर्ची दिसली, शाल दिसली, ती डोलू लागली. खोलीत खिडक्या बंद होत्या, तरी पुढच्या रांगेतल्यांनी मफलरी सारख्या केल्या.

पोकळी आली. हात मागे आला.

साहेब उठले. सभेत मधूनच कुणी उठले की जे होते ते झाले, माना वळल्या, कुणी श्श केले, चिटणीस शेजाऱ्याला म्हणाले की साहेबांना जरा धरा. साहेब रांगांमधून, कुणाच्या पायावर पाय देत, क्षमा मागत, पडद्यापर्यंत गेले. पेल्यातले थोडे पाणी सदऱ्यावर सांडले होते. त्यांनी पेला त्या उघड्या पंजापुढे धरला. चारचौघांत, भर सभेत, पडद्याला पाणी पाजायला उभा असलेला सरकारी अधिकारी कसा दिसतो ते डोळ्यांपुढे आणा. त्यांना त्याचे काही वाटले नाही.

“घे,” ते म्हणाले. “होतो मी इथेच.”

आणि गाणे सुरू झाले. पोकळी त्या दिवशी लांब राहिलीच नाही. दोहींच्या मी मध्ये उभी, हात माझा धर, ही ओळ लगेच आली, ओल्या गळ्याने. फोटोवाला अजूनही शपथेवर सांगतो की त्याने त्या जागी काही कापले नव्हते. पुतणीने ती फीत नंतर पुन्हा ऐकली. पोकळी पूर्वीइतकीच होती. यावर ती कॉलेजात काही शिकवत नाही.

गाणे संपले तेव्हा बाहेर गुरगुर झाली. लिफ्ट तळमजल्याला आली, दार उघडले. आत कुणी नव्हते. सगळी माणसे उभी राहून बघत होती, एकही पुढे गेला नाही. साहेब दारापर्यंत गेले आणि बाजूला सरकून उभे राहिले, आपल्या माणसाला वाट द्यावी तसे. दार जरा वेळ उघडे राहिले, मग मिटले, आणि वरच्या काट्याने एकेक मजला मोजत चौथा दाखवला. त्यानंतर लिफ्ट गुरगुरली नाही. साहेबांनी कचेरीतून दुसरा तपासनीस बोलावून रीतसर दाखला घेतला. त्याने शिक्का मारताना विचारले, काय दुरुस्त केलंत? साहेब म्हणाले, काही नाही, जरा पाणी दिलं.

आता ते डोळे मिटून गाणे ऐकतात तेव्हा ते चावणारे तोंड येत नाही. चेहरा अजूनही येत नाही. पाठ येते, शाल येते, हात येतो, आणि तेवढ्यावर त्यांना ओळख पटते.

म्हणून म्हटले, दार लावू नका, न दिसणाऱ्या माणसालाही यायला-जायला वाट हवी. आणि एवढेच मागतो तुमच्याकडे. कधी कुठल्या इमारतीत तुम्ही लिफ्टची वाट बघत उभे असाल, ती येईल, दार उघडेल आणि आत कुणी नसेल, तर लगेच आत शिरू नका. एक पाऊल बाजूला व्हा. आधी तिला जाऊ द्या, आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या काकूंची आठवण काढा.